मूल सरावाला जायला नको म्हणतं तेव्हा

‘कोणी त्रास देतं का?’ असं थेट विचारलं की उत्तर बहुतेक वेळा ‘नाही’च येतं. त्यापेक्षा बुटांच्या नाड्या सोडताना, शेजारी बसून विचारा: ‘सरावात कोणाबरोबर एकटं थांबायला नको वाटतं?’ आणि मग गप्प बसा. ती शांतता भरून काढायची मोठ्यांची घाईच सगळ्यांत जास्त नडते.

मूल बोलू लागलं की मध्ये तोडू नका. ‘सर असं करणारच नाहीत’ तर मुळीच नाही. ‘कोणाला सांगणार नाही’ असं वचनही नको. ‘मदत करू शकतील त्यांनाच सांगेन’ म्हणा. खोदून विचारलं, शब्द तोंडात घातले, तर पुढे चौकशीत तेच आड येतं. त्याच दिवशी मुलाच्याच शब्दांत लिहून ठेवा: तारीख, वेळ, जागा. मेसेज पुसू नका, स्क्रीनशॉट घ्या. प्रशिक्षकाला परस्पर जाब विचारलात तर तो सावध होतो, पुरावे जातात. क्लबमध्ये मुलांच्या सुरक्षेची जबाबदारी ज्यांच्याकडे आहे त्यांना लेखी द्या. धोका तातडीचा असेल तर आधी पोलीस.

संघातली जागा जाईल, ही भीती मुलाला असतेच. चौकशी चालू असताना सराव कुठे आणि कोणाकडे होईल, हे क्लबशी बोलून ठरवा आणि त्याला स्पष्ट सांगा.