चेनसॉने फळ्या पाडताना कान, श्वास आणि डोळे आधी सांभाळा

पाऊस ओसरला की वाऱ्यावादळात उन्मळून पडलेल्या झाडांकडे लक्ष जातं. जमीन टणक झालेली असते, ओंडका हलवता येतो, आणि सॉ-मिलपर्यंत वाहतूक करण्यापेक्षा जागेवरच फळ्या पाडाव्यात असं वाटतं. चेनसॉला मिलिंगची चौकट, म्हणजे ओंडक्यावरून सरळ रेषेत सॉ सरकवणारा सांगाडा, जोडली की हे काम शेतातच होतं. पण अशी चिराई आणि रोजची फांद्या तोडण्याची कामं यांत मोठा फरक आहे, आणि सुरक्षेचं साहित्य निवडताना तो फरक लक्षात घेतला नाही तर नको तिथे पैसे जातात आणि हवं ते राहून जातं.

फांदी तोडताना सॉ काही सेकंद जोरात चालतो, मग थांबतो. ओंडका लांबीत चिरताना तो पूर्ण थ्रॉटलवर कित्येक मिनिटं सलग चालतो. तुम्ही वाकलेले असता, सायलेन्सरचा धूर तोंडापासून हातभर अंतरावर निघत असतो आणि भुसा सॉच्या बाजूने, म्हणजे तुमच्याच अंगावर, सतत उडत असतो. बार, म्हणजे चेन जिच्याभोवती फिरते ती लांब पट्टी, चौकटीत अडकलेला असल्यामुळे सॉ उसळून अंगावर येण्याचा धोका उलट कमी होतो. म्हणून चिराईत सर्वात हमखास इजा कानांना आणि फुप्फुसांना होते, असं माझं स्पष्ट मत आहे. ती हळूहळू होते, रक्त दिसत नाही, त्यामुळे तिच्यासाठी कुणी खर्च करत नाही.

कानांचा हिशेब पाहा. पेट्रोल चेनसॉचा चालवणाऱ्याच्या कानाशी आवाज १०० ते ११५ डेसिबलच्या दरम्यान असतो. अमेरिकेतल्या नायॉश या कामगार-आरोग्य संस्थेच्या मर्यादेप्रमाणे ८५ डेसिबलला दिवसाचे ८ तास चालतात आणि त्यावर दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. या हिशेबाने १०० डेसिबलला १५ मिनिटं मिळतात आणि १०९ डेसिबलला दोन मिनिटंही मिळत नाहीत. एका लांब फळीचा एकच काप याहून जास्त वेळ घेतो. कापूस किंवा रुमाल यांचा इथे काही उपयोग नाही.

चिराईसाठी कानात फोमचे प्लग आणि वरून इअरमफ (पूर्ण कान झाकणाऱ्या वाट्या), दोन्ही लावा. आवाज किती डेसिबलने कमी होतो याचे दोन्हींवर छापलेले आकडे एकमेकांत मिळवायचे नसतात. एकट्या चांगल्या मफपेक्षा साधारण ५ डेसिबलचा जास्तीचा फायदा होतो, पण या पातळीवर तो मोलाचा आहे. प्लग नुसता कानात खुपसला तर काम करत नाही. स्वच्छ कोरड्या बोटांनी तो वळून बारीक करा, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कानाचा वरचा भाग वर-मागे ओढा, प्लग आत सरकवा आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोटाने धरून ठेवा. नीट बसला की स्वतःचा आवाज आतून घुमल्यासारखा येतो. मफ घेताना उशी मऊ आहे ना आणि चष्म्याच्या काडीवरून ती उचलली जात नाही ना, हे लावूनच पाहा. जाड काडीमुळे फट पडली की मफवर छापलेल्या आकड्याला अर्थ उरत नाही.

आता श्वास. चिराईची चेन वेगळी असते. तिच्या दातांची धार १० अंशांच्या आसपास लावतात, आडव्या कापणीच्या चेनला ती ३० अंशांच्या जवळ असते. तिच्यातून पडणारा भुसा पिठासारखा बारीक असतो. ओला ओंडका त्यातल्या त्यात बरा, त्याचा भुसा जड असतो आणि खाली बसतो. एक-दोन हंगाम वाळलेला ओंडका चिरायला घेतला की धूळ हवेत तरंगत राहते. लाकडाच्या धुळीला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्येच माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं आहे. नाकाच्या आणि त्याभोवतालच्या पोकळ्यांच्या कर्करोगाशी तिचा संबंध पक्का आहे. साग आणि शिसवाच्या धुळीने कातडी खाजते, पुरळ उठतं. बिब्ब्याचा चीक तर अंगावर फोड आणतो, ते लाकूड चिरायलाच घेऊ नका.

मास्क किमान एन९५ किंवा एफएफपी२ दर्जाचा हवा. कानात अडकवायच्या पट्ट्यांचा नको, डोक्यामागून जाणाऱ्या दोन पट्ट्यांचा घ्या. वरची पट्टी टाळूच्या मागे आणि खालची कानांखाली मानेवर बसवा, नाकावरची पत्री दोन्ही हातांनी दाबा, मग तळवे मास्कवर ठेवून जोरात श्वास सोडा. गालाशी किंवा डोळ्यांखाली वारा लागला तर पुन्हा बसवा. दाढी असेल तर मास्क चिकटून बसतच नाही. दिवसभराचं काम असेल तर बदलत्या फिल्टरचा रबरी अर्धा मास्क, पी१०० किंवा पी३ फिल्टरसह, जास्त चांगला. घामाने कागदी मास्क भिजला की श्वास जड होतो आणि माणूस तो खाली ओढतो.

एक गोष्ट मात्र कुठलाही मास्क करत नाही: सायलेन्सरमधून येणारा कार्बन मोनॉक्साइड तो अडवत नाही. वासाच्या फिल्टरनेही तो अडत नाही. म्हणून शेडमध्ये, खड्ड्यात किंवा चारही बाजूंनी अडलेल्या जागी चिराई करू नका. ओंडका असा मांडा की वारा आडवा वाहून धूर तुमच्यापासून दूर नेईल. डोकं दुखायला लागलं, मळमळलं किंवा गरगरलं तर सॉ बंद करून लगेच मोकळ्या हवेत जा. तो थकवा आहे असं समजून काम रेटू नका.

डोळ्यांसाठी हेल्मेटची जाळी पुरत नाही. जाळी मोठे तुकडे अडवते, बारीक भुसा तिच्यातून आरपार येतो. जाळीच्या आत बाजूंनी बंद असलेला, ईएन १६६ किंवा एएनएसआय झेड८७.१ या सुरक्षा-मानकाची छाप असलेला चष्मा घाला. काचेवर वाफ धरत असेल तर आधी मास्कची नाकावरची बाजू तपासा, बहुतेकदा हवा तिथूनच वर येत असते. हेल्मेट झाडाखाली काम असेल किंवा लटकलेली फांदी असेल तेव्हा सक्तीचं. मोकळ्या मैदानात ओंडका जमिनीवर असेल तर त्याचं महत्त्व इतरांच्या मानाने कमी.

पायांचं संरक्षण यानंतर सांगतोय, पण ते वगळायचं नाही. ओंडक्याचं टोक आलं की काप संपतो, लावलेला जोर अचानक सुटतो आणि सॉ पुढे झेपावतो. पाय नेमके त्या क्षणी घसरतात. चेनसॉच्या पँटमध्ये किंवा चॅप्समध्ये (पँटवरून बांधायची, फक्त पुढून पाय झाकणारी आवरणं) लांब धाग्यांचे अनेक थर असतात. चेन लागली की ते धागे ओढले जाऊन स्प्रॉकेटमध्ये, म्हणजे चेन फिरवणाऱ्या दातेरी चाकात, गुंततात आणि चेन थांबते. आयएसओ ११३९३ या मानकाप्रमाणे वर्ग १ च्या कपड्यांची चाचणी सेकंदाला २० मीटर वेगाच्या चेनवर होते, वर्ग २ ची २४ आणि वर्ग ३ ची २८ मीटरवर. चिराईला वापरतात ते मोठे सॉ २० मीटरचा वेग सहज ओलांडतात, त्यामुळे कुठल्याही वर्गाला अभेद्य समजू नका. उकाड्यात मागून उघडे चॅप्स सोसतात, पूर्ण पँट काढून ठेवली जाते. म्हणून गरम हवेत मी चॅप्सच सुचवेन. इलेक्ट्रिक सॉ असेल तर चॅप्सचं लेबल वाचा, कारण धागे गुंतले तरी मोटर थांबेलच असं नाही.

बूट पोलादी टोपीचे, घोट्याच्या वर जाणारे आणि खोल खाचांच्या तळाचे घ्या. फळी सुटून पावलावर पडणं हा चिराईतला नेहमीचा अपघात आहे. हातमोजे चामड्याचे, मनगटाला घट्ट. ‘कंपनरोधक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या मोज्यांवर फार विसंबू नका. चेनसॉच्या कंपनांवर त्यांचा परिणाम थोडा असतो. धारदार चेन, गरजेपेक्षा जास्त न आवळलेली पकड आणि दर कापानंतर विश्रांती यांनी बोटं जास्त वाचतात. बोटं पांढरी पडून बधिर होत असतील तर काम थांबवून डॉक्टरांना दाखवा.

पाचर मारायला, फळी धरायला जो सोबत असतो त्यालाही हेच प्लग-मफ, मास्क आणि चष्मा लागतात, आणि बूटही. त्याला बारच्या रेषेत उभं राहू देऊ नका, चेन तुटली तर तुकडा त्याच दिशेने उडतो. जखम झाली तर दाबून बांधायला मोठी पट्टी ओंडक्याजवळच ठेवा.

चॅप्सला एकदा चेन लागली की ते बाद. धागे आत ढकलून शिवायचे नाहीत. तेल-पेट्रोलने चिंब झालेले चॅप्स लेबलवर सांगितल्याप्रमाणे धुवा, ब्लीच किंवा इस्त्री नको.