लाकडात शिरताच गुदमरणारी चेनसॉ

माझ्याकडे आलेल्या ४५ सीसीच्या चेनसॉला आधीच्या मालकाने २० इंची बार (चेन जिच्यावरून फिरते ती लांब पट्टी) आणि ३/८ पिचची (पिच म्हणजे चेनच्या कड्यांमधलं अंतर, इंचात) चेन लावली होती. हवेत झकास फिरायची, पण पूर्ण बार ओंडक्यात गेला की आरपीएम पडून क्लच घसरायचा, जळका वास यायचा. कार्ब्युरेटर, फिल्टर ठीकच होते. एवढ्या इंजिनाला तेवढी लांब, जड चेन ओढवेना.

१६ इंची बार आणि ०.३२५ पिचची सेमी-चिझल, म्हणजे गोलसर कोपऱ्याच्या दातांची, चेन बसवली. पिच बदलला की स्प्रॉकेटही (चेन फिरवणारं दातेरी चाक) त्याच पिचचं लागतं, हे लोक हमखास विसरतात! बारच्या टोकाचं चाकही त्याच पिचचं, आणि चेनचा गेज (खाचेत बसणाऱ्या कड्यांची जाडी) बारच्या खाचेइतकाच हवा, माझ्याकडे १.३ मिमी. आता भुसा नाही, जाड कपच्या उडतात.