जलचिन्हाला शाई लागत नाही, तार लागते

जलचिन्हासाठी (वॉटरमार्क, म्हणजे कागद उजेडाला धरला की दिसणारी खूण) कोणती शाई घ्यायची, असं मला सतत विचारलं जातं. कुठलीच नाही. खऱ्या जलचिन्हाच्या जागी कागद पातळ असतो, म्हणून तिथून उजेड जास्त येतो. इटलीतले कारागीर १२८२ च्या सुमारासही साच्याच्या, म्हणजे लगदा उचलायच्या चौकटीच्या, जाळीवर तारच बसवत होते; तारेवर लगदा कमी साचतो. नकली जलचिन्हाची तेलकट, वार्निशासारखी शाई कागदाच्या तंतूंमधल्या हवेची जागा घेते आणि कागद तेवढ्यापुरता पारदर्शक होतो. घरी जवसाचं तेल लावून पाहिलंय. ते आकाराबाहेर पसरलं आणि पुढे पिवळं पडलं. तो नाद सोडा.

सुती चिंध्यांचा किंवा जुन्या कागदाचा लगदा बारीक करून पातळ ताकाइतका सैल करा.

आता तार. इथेच माझे कित्येक कागद वाया गेले. तांब्याची तार साधारण अर्धा मिलिमीटर जाडीची घ्या. जाड तारेने कागदाला भोकं पडतात. जाळीला ती डिंकाने चिकटवा असं सांगणाऱ्याने स्वतः एकही कागद काढलेला नसावा; पाण्यात डिंक टिकतो का? बारीक तारेने दर सेंटिमीटरला टाका घाला, टोकं जाळीखाली वळवा. एक टोक जरी वर राहिलं तरी कागद तिथेच अडकून फाटतो.

देवनागरीत आणखी एक खोड आहे, शिरोरेघ. मी भाचीच्या लग्नपत्रिकेसाठी ‘शुभ’ अख्ख्या रेघेसकट बसवलं, तर प्रत्येक कागद त्या रेघेवरच फाटला, जणू फाडायला खूण करून ठेवली होती. तेव्हापासून मी रेघ तुकड्यातुकड्यांनी देतो. अक्षरं जाळीवर सुलटीच बसवा. कापडावर कागद पाडल्यावर वरून ती उलटी दिसतील; कागद पालटला की सरळ.

साचा घोळात बुडवून आडवा वर काढा, एकदा हलवा, पाणी निथळू द्या. ओल्या कापडावर एका कडेने टेकवत उलटा करा, जाळीच्या पाठीवरून स्पंजने पाणी टिपा आणि साचा त्याच कडेने उचला. कापड कोरडं असेल तर लगदा जाळी सोडत नाही.

वरून दुसरं कापड, फळी, वजन, मग वाळवण.

पुरता वाळेपर्यंत उजेडाला धरू नका. ओल्या कागदात चिन्ह धड दिसत नाही, आणि उचलताना तो फाटतो ते वेगळंच.