दारातली बिट्टी कशी सांभाळावी

बिट्टी, म्हणजे पिवळी कण्हेर. मूळची मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतली, पण आपल्याकडे इतकी रुळली की शंकराच्या परडीतही जाऊन बसली. पाणी कमी पडलं तरी तग धरते, गुरं सहसा तोंड लावत नाहीत, म्हणून कुंपणाला हमखास लावतात. गुरं तोंड का लावत नाहीत, हे मात्र कुणी विचारत नाही. झाडाच्या सगळ्याच भागांत हृदयावर परिणाम करणारं विष असतं आणि बियांत ते सर्वांत जास्त.

म्हणून झाड तोडलंच पाहिजे असं मला वाटत नाही. फळं तोडा.

फूल गळालं की मागे हिरवं, तिकोनी फळ धरतं. पिकलं की काळं पडतं. खेळायला बिट्ट्या गोळा करणारी पोरं अजूनही आहेत, म्हणून ती काळी पडून खाली येण्याची वाट पाहू नका. दर आठवड्याला झाडाभोवती एक फेरी मारा, हिरवी असतानाच खुडा आणि खालची वेचा. झाड डोक्याच्या उंचीवर गेलं तर फळं हाती लागत नाहीत, तेव्हा फांद्या छाटून ते खांद्याएवढंच ठेवा.

छाटताना पांढरा चीक गळतो. रबरी हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला. वर बघत कापू नका, चीक डोळ्यात उडतो. उडालाच तर भरपूर पाण्याने डोळा धुवा. काम झाल्यावर कात्री आणि हात साबणाने धुवा, मगच चहा.

छाटलेल्या फांद्या चुलीत किंवा शेकोटीत घालू नका, धूरही बाधतो. चाऱ्याच्या ढिगाजवळही टाकू नका: कुट्टीत मिसळलेली पानं गुरांना निवडता येत नाहीत. वाळल्याने किंवा उकळल्याने हे विष जात नाही, म्हणून ‘औषधी काढा’ सांगणाऱ्यांना लांबूनच नमस्कार.

नवीन लावायची असेल तर पावसाळ्यात फांदी खोचली तरी जगते. पण अंगणवाडी, शाळा, गोठा यांच्या जवळ नको. तिथे जास्वंद लावा.

कुणी बी चावली, अशी नुसती शंका आली तरी उलटी, मळमळ सुरू होण्याची वाट पाहू नका. नाडी मंदावते, ठोके चुकतात, आणि हे काही तासांनीही होऊ शकतं. मीठ-पाणी पाजून उलटी काढू नका. १०८ला फोन करा, ईसीजीची सोय असलेल्या दवाखान्यात न्या. निघताना एक फळ किंवा डहाळी पिशवीत घालून घ्या, म्हणजे डॉक्टरांना झाड ओळखता येईल.