कासला निघण्याआधी: सोलापूरकरांसाठी तयारीची यादी

पिशव्या भरायला घेण्याआधी रानातलं काळ्या मातीचं एक ढेकूळ हातात घेऊन बघा. ही माती ज्या दगडाची झीज होऊन झाली, त्याच दगडाचा डोंगर बघायला आपण साताऱ्याकडे निघालोय. भुईकोट किल्ल्याची तटबंदीही त्याच काळ्या पाषाणाची. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या, त्यांतून लाव्हा वाहिला, निवला, त्यावर पुन्हा वाहिला. असे कित्येक थर एकावर एक बसले. म्हणून सह्याद्रीला पायऱ्या आहेत आणि माथे सपाट आहेत. मुलं सोबत असतील तर हे घरीच सांगून ठेवा. चित्रातला शंकूसारखा ज्वालामुखी आणि त्याचं तोंड तिथे दिसणार नाही, हे कळलं की ती थर मोजायला लागतात.

सगळ्यात आधी तारीख ठरवा. कासच्या पठाराचा बहर सप्टेंबर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत. त्या दिवसांत ऑनलाइन नोंदणी करावी लागते आणि माणसांची संख्या ठरलेली असते, त्यामुळे शनिवार-रविवार सोडून मधला वार घ्या. टोपली कारवी साधारण सात वर्षांनी एकदा फुलते, तेव्हा तिच्या आशेवर बेत आखू नका. वासोटा किल्लाही याच फेरीत उरकू असं कुणी म्हणालं तर ठाम नाही म्हणा. पावसाळ्यात तो बंद असतो, आणि बामणोलीहून लाँचने जाऊन जंगलातून चढायचं म्हणजे त्याला स्वतंत्र दिवस हवाच.

कपड्यांच्या बाबतीत आपला अंदाज हमखास चुकतो. सोलापुरात वर्षाला हजार मिलिमीटरही पाऊस पडत नाही, महाबळेश्वरला पाच हजारांच्या वर पडतो. पठारावर वारा असा असतो की छत्री उलटीच होते, म्हणून प्रत्येकाला रेनकोट घ्या. जाड जीन्स नको, ती दिवसभर वाळत नाही. सोलापुरी चादर जरूर घ्या, पण ती मुक्कामाच्या खोलीत राहू द्या. आईने एकदा थोसेघरच्या धबधब्यावर ती अंगावर घेतली होती. भिजून इतकी जड झाली की दोघांनी धरून पिळली, तरी रात्रभर पाणी गळत होतं. टॉवेल मात्र माणशी दोन हवेत, आणि ओल्या कपड्यांसाठी जाड प्लास्टिकच्या पिशव्या. बुटांना खोल खाचांचा तळ हवा, कारण काळ्या दगडावर शेवाळ धरलं की साधी चप्पल टिकत नाही. धबधब्याजवळ कठड्याच्या अलीकडेच थांबा.

शिदोरीला कडक भाकरी, शेंगाचटणी, धपाटे. दमट हवेत कडक भाकरी मऊ पडते, ती घट्ट झाकणाच्या डब्यात भरा.

आता मला सगळ्यात जिव्हाळ्याची वस्तू: एक भिंग. कासच्या माथ्यावर जांभा आहे, म्हणजे त्याच काळ्या दगडावर, बेसॉल्टवर, लाखो वर्षं ऊन-पावसाचा मारा होऊन उरलेला तांबडा दगड. त्यावरचा मातीचा थर वीतभरही नसतो आणि त्यात कस जवळजवळ नाही. म्हणून काही वनस्पती किडे खाऊन भूक भागवतात. दवबिंदू नावाच्या वनस्पतीच्या पानांवरचे चिकट थेंब भिंगातून बघा. सीतेची आसवे हे निळं-जांभळं फूल तर ओल्या जागी सूक्ष्म जीव पकडतं, जमिनीखालच्या बारीक फुग्यांत. हे उभ्याने दिसत नाही, वाटेच्या कडेला उकिडवं बसावं लागतं. फुलांत पाय टाकून फोटो काढायचा नाही, हे घरून निघतानाच सगळ्यांकडून कबूल करून घ्या. पायाखाली दबलेल्या फुलाचं बी धरत नाही, आणि 2012 साली जागतिक वारसा यादीत गेलेल्या या पठारावर तेवढ्या पातळ मातीतच पुढच्या वर्षीचं सगळं साठलेलं असतं.

रस्ता पंढरपूर, म्हसवड, दहिवडीवरून साताऱ्याचा घ्या. म्हसवड सोडल्यावर शंभू महादेवाच्या डोंगररांगा लागतात, तिथून खिडकीची जागा मुलांना द्या. घाटात रस्त्यासाठी डोंगर कापलेला दिसला की दोन काळ्या थरांमध्ये विटकरी रंगाची पट्टी आहे का ते बघायला सांगा. एक लाव्हा थंड झाल्यावर त्यावर माती तयार झाली आणि पुढच्या लाव्ह्याने ती भाजून काढली, त्याची ही खूण. थांबायचं असेल तर रुंद जागा बघून थांबा, वळणावर नको.

गाडीचे वायपर आणि धुक्याचे दिवे सोलापुरातच तपासून घ्या. आपल्याकडे त्यांची गरज पडत नाही, म्हणून बिघाड कळतच नाही. यवतेश्वरचा घाट चढण्याआधी साताऱ्यात डिझेल भरा आणि घरी फोन करून ठेवा, वर रेंज जाते. धुकं खाली उतरलं तर पुढच्या गाडीच्या मागे घाई न करता चला, आणि उजेड असतानाच घाट उतरायला लागा.