मातीचं घर बांधताय? या चुका टाळा

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे शेतातली काळी माती भिंतीला वापरणं. फुकट मिळते, हाताला चिकटते, म्हणून लोकांना ती भक्कम वाटते. पण ती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आकसते. उन्हाळ्यात कपाशीच्या वावरात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, भिंतीतही तेच होणार. खानदेशातली जुनी धाब्याची, म्हणजे सपाट मातीच्या छताची घरं गावठाणातल्या पांढरीची, म्हणजे पांढऱ्या मातीची आहेत, ती उगाच नव्हे.

वरचा हातभर थर बाजूला काढा, त्यात मुळं आणि कुजकट असतं. खालच्या मातीची परीक्षा घ्या. 60 सेंमी लांब, 4 सेंमी रुंद, 4 सेंमी खोल फळ्यांचा साचा करा, आतून तेल लावा, ओला गारा कोपऱ्यांत ठासून भरा. आठवडाभर सावलीत वाळवा. पट्टीचे तुकडे झाले असतील तर सगळे एका टोकाला सरकवा आणि उरलेली फट मोजा. फट 15 मिमीच्या आत असेल तर दाबाच्या विटांना (साच्यात दाबून केलेल्या, न भाजलेल्या) 18 भाग मातीला 1 भाग सिमेंट पुरतं. 45 ते 60 मिमी असेल तर 12 भागांना 1. पण 30 मिमीच्या पुढे गेली की सिमेंट वाढवण्याआधी वाळू मिसळून परीक्षा पुन्हा घेतलेली बरी. एक आठवडा थांबायची तयारी नसेल, तर मातीच्या घराला हात घालू नये.

दुसरी चूक सिमेंटच्या गिलाव्याची. गिरणाकाठच्या एका घरमालकाने चांगल्या कच्च्या विटांच्या भिंतीवर कोंबडीजाळी ठोकून सिमेंट चढवलं. दोन पावसाळे भिंत देखणी दिसली. मग बोटाने ठोकलं तर पोकळ आवाज येऊ लागला, आणि एक दिवस दारालगतचा गिलावा पत्र्यासारखा सुटून पडला. मागची माती ओली, ओंजळीत येईल इतकी भुसभुशीत. सिमेंटच्या बारीक चिरांतून पाणी आत शिरतं, पण मातीला ते बाहेर सोडता येत नाही. जाळीने हे थांबत नाही. त्यापेक्षा मातीचाच गिलावा करा. 1 भाग माती, 2 ते 3 भाग वाळू आणि गव्हाचा भुसा आठवडाभर भिजवा, तुडवा, आणि दोन हातांत लावा. पहिला हात पूर्ण वाळल्याशिवाय दुसरा नको. बाहेरून चुना चालतो.

बाकीचं थोडक्यात. जोतं दगडाचं आणि किमान 45 सेंमी उंच. पाया काळ्या थरात थांबवू नका, मुरमापर्यंत न्या. छताची वळचण 60 सेंमी तरी बाहेर हवी. धाबं असेल तर पावसाळ्याआधी खारी माती नव्याने पसरा आणि पन्हाळी साफ करा. एप्रिल-मेच्या उन्हात विटा उघड्यावर पाडू नका, वरून कडक आणि आतून ओल्या राहून त्या तडकतात. सिमेंट घातलेल्या विटा गोणपाटाखाली तीन आठवडे ओल्या ठेवा. कामाला दिवाळीनंतर लागा, म्हणजे मिरगाच्या आत छत घालून होतं.