मुरुड-कर्दे ला दोघांनी स्वस्तात रहायचंय? मग हे बघून घ्या

दापोलीजवळचं मुरुड-कर्दे, म्हणजे जंजिऱ्याचं मुरुड नाही हं, बुकिंग करताना हा घोळ बरेच जण घालतात. ट्रेनने येणार असाल तर खेड स्टेशनला उतरा, तिथून दापोली साधारण 30 किमी.

साधं रिसॉर्ट घेताना अॅपवरचे फोटो बघून भुलू नका, सरळ मालकाला फोन लावा आणि विचारा की लाईट गेली तर इन्व्हर्टरवर फॅन चालतो का, गरम पाणी किती वाजेपर्यंत, आणि 'सी-फेसिंग' म्हणजे नक्की काय, कारण बऱ्याचदा खिडकीतून सुरूची झाडंच दिसतात आणि समुद्राचा फक्त आवाज येतो (तोही वाईट नसतो म्हणा). शनिवार-रविवार टाळलात तर भाव करायला जागा असते. आयडी दोघांचंही ओरिजिनल ठेवा.

जेवणाची ऑर्डर सकाळीच द्यायची. सुरमई थाळीचा रेट आधी विचारा, मासा रोजच्या भावाने असतो. जून-जुलैत मासेमारी बंद असते, तेव्हा ताज्या सुरमईचा हट्ट नको. संध्याकाळी हर्णैच्या बंदरावर लिलाव बघा, गर्दी, आरडाओरडा, वास सगळं आहे, समोर सुवर्णदुर्ग.

भरतीची वेळ रिसॉर्टवाल्यालाच विचारा, आणि गाडी वाळूत घालू नका, चाक रुतलं की पाणी वर यायला वेळ लागत नाही आणि ट्रॅक्टरवाला मागेल तेवढे द्यावे लागतात. ओडोमॉस आणि एक जुना टॉवेल घरूनच न्या, रूमचे टॉवेल वाळूने भरले की काही ठिकाणी पैसे कापतात.